बोट म्हणजे माउस नव्हे

इंदूरमध्ये संगणक शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलांमध्ये लिनक्सवर खिडक्या, माउस आणि कळफलक हाताळणाऱ्या एक्स विंडो प्रणालीबद्दल सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘मल्टिटच (अनेक बोटांचा एकत्र स्पर्श) म्हणजे एकाच वेळी चालणारे अनेक माउस. एक्स विंडो प्रणालीत २००९ पासून अनेक कर्सर चालतात, तेव्हा टचसाठी वेगळे काही लागतच नाही. जुने प्रोग्राम बोटाने चालतात, हाच पुरावा. दोन बोटांनी झूम होत नसेल, तर स्क्रीन खराब.’

अनेक कर्सरांची सोय २००९ साली एक्सइनपुट २ या एक्सच्या इनपुट-विस्तारात आली, हे खरे आहे. मात्र असा प्रत्येक जादा कर्सर मुद्दाम तयार करावा लागतो आणि काढून टाकेपर्यंत पडद्यावर राहतो. बोट टेकण्यापूर्वी आणि उचलल्यावर प्रणालीच्या लेखी कुठेच नसते. म्हणूनच लिनक्सचा गाभा असलेला कर्नल प्रत्येक नव्या स्पर्शाला क्रमांक देतो आणि बोट उचलताच त्या क्रमांकाच्या जागी उणे १ कळवतो.

वेगळे काही लागत नसते, तर मार्च २०१२ मध्ये एक्स सर्व्हर (एक्स प्रणालीचा मुख्य प्रोग्राम) १.१२ सोबत एक्सइनपुट २.२ आणावेच लागले नसते. खरी अडचण मालकीची, म्हणजे कोणता स्पर्श कोणत्या प्रोग्रामचा याची आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. इंदूरच्या नकाशावर एक बोट राजवाड्यावर आणि दुसरे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर टेकवले, तर हा नकाशाचा झूम आहे की खिडक्यांची मांडणी सांभाळणाऱ्या विंडो मॅनेजरसाठी असलेल्या तीन बोटांच्या खुणेची सुरुवात आहे, हे त्या क्षणी कोणालाच ठरवता येत नाही. त्यामुळे २.२ मध्ये स्पर्शावर हक्क सांगणाऱ्या प्रोग्रामांची रांग लागते. पुढच्याने स्पर्श नाकारला, तर सर्व्हर साठवून ठेवलेल्या हालचाली मागच्याला पहिल्यापासून पुरवतो, आणि ज्याने आधीच माहिती मागितली आहे, त्याला ती लगेच मिळत असली तरी मालकी येईपर्यंत त्याने कोणतीही पक्की कृती करू नये, अशी अपेक्षा असते. नवख्या प्रोग्रामरने सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

जुने प्रोग्राम चालतात, ते सर्व्हर पहिल्या बोटाला माउसचे सोंग देतो म्हणून. दुसरे बोट त्यांना दिसतच नाही.

राहिला स्क्रीनचा दोष. काही पॅनेल एकच स्पर्श ओळखतात, हे मान्य. पण आधी कर्नलकडून येणाऱ्या नोंदी दाखवणारा इव्हटेस्ट हा प्रोग्राम चालवून दोन बोटे टेकवावीत. दोन वेगळे क्रमांक दिसले, तर स्क्रीन आणि कर्नल आपले काम करत आहेत, आणि शोध सर्व्हरपासून पुढे प्रोग्रामपर्यंत घ्यायला हवा.