सैंधव घेतलं म्हणून बीपी उतरत नाही

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: मीठ वाईट नाही, आयोडीनवालं मीठ वाईट. ते कंपन्यांनी माथी मारलं आणि घरोघरी बीपी शिरलं. आजी-पणजी खडेमीठ खायच्या, त्यांना कुठे काय होतं? सैंधव खा, त्यात 84 खनिजं. शिवाय आपला देश उष्ण, मीठ भरपूरच लागतं.

आधी सैंधव. त्यातही 95 टक्क्यांहून जास्त सोडियम क्लोराइडच असतं. रक्तदाब वाढवतं ते सोडियम. ते मिठागरातून आलं की पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून, शरीराला घेणंदेणं नाही. राहिली खनिजं. त्या 84च्या यादीत शिसं आणि आर्सेनिकही असतं, ते कुणी वाचत नाही. पोटॅशियम हवं असेल तर एका केळ्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, दिवसभराच्या सैंधवातून जेमतेम पंधरा-वीस.

आयोडीनचा आरोप तर उलटाच आहे. 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून पाहिलं आणि गलगंड कमी झाला. 1962 पासून सरकारी कार्यक्रम आहे. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकण्यावर 2006 पासून पुन्हा बंदी आहे. प्रमाण किती? घरी पोचेपर्यंत दहा लाख भागांत किमान 15 भाग. एवढ्याने बीपी वाढत नाही. पण घरात गरोदर बाई असताना सगळा स्वयंपाक बिनआयोडीनच्या सैंधवावर नेला, तर बाळाच्या मेंदूच्या वाढीशी खेळ होतो. मेसेजमधला हाच भाग मला खरा धोकादायक वाटतो.

आजी-पणजीचं बीपी मोजलं कुणी होतं? अंगावरून वारं गेलं म्हणायचे आणि माणूस खाटेला खिळायचा. त्यामागे वाढलेलं बीपी असू शकतं, हे कुणाला ठाऊक होतं?

घामाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. भर उन्हात डांबर टाकणाऱ्याचं गणित वेगळं. पण एसीतून घरी आलेल्याने त्याच्या नावावर लोणचं वाढून घेऊ नये. मीठ आणि रक्तदाबाच्या 1988च्या ‘इंटरसॉल्ट’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत ॲमेझॉनच्या दमट जंगलातले यानोमामी लोक होते. मीठ जवळजवळ शून्य, कष्ट भरपूर, आणि वय वाढलं तरी त्यांचा रक्तदाब चढत नव्हता.

प्रश्न कुठल्या मिठाचा नाही, किती मिठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतीयांची सरासरी 8 ग्रॅमच्या आसपास निघाली. आणि आपल्याकडे हे मीठ बहुतांशी घरच्याच डब्यातून येतं, सगळं खापर वेफर्सवर फोडून चालणार नाही. कणकेत मीठ, भातात मीठ, वरणात मीठ, वर पानाच्या डाव्या बाजूला पुन्हा चिमूटभर. पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियम असतं, खारट लागत नाही एवढंच.

पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणा. 800 मिलिग्रॅम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. मात्र तो आकडा बहुतेकदा 100 ग्रॅमचा असतो आणि पाकीट 200चं. पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ आणायचं असेल तर किडनीचा त्रास असणाऱ्यांनी, बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.