नाशिकच्या पाहुण्यांना गोव्यात वाईन पाजताना

गोव्यात घर असेल तर मे महिन्यात पाहुणे येणारच. ते केवळ तुमच्या ओढीने येतात, हॉटेलांचे दर बघून नव्हे, एवढं मनाशी पक्कं करा म्हणजे पुढचं सोपं जातं. द्राक्षबागेची खरड छाटणी उरकून निफाडहून एमएच १५ ची सात आसनी गाडी तुमच्या फोंड्याच्या दारात उभी राहील. काका, काकू, आत्या, चुलतभाऊ, वहिनी, दोन पोरं. पहिला दिवस मंगेशी-शांतादुर्गेचा, दुसरा समुद्राचा. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मोबाइल पुढे धरतील, "भावजी, आज जेवण इथे. वायनरी आहे!"

अशा वेळी शहाणपण काढायचं नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उरलेल्या महिन्यांत हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटते, अशा ठिकाणी वाईनची द्राक्षं लावणं म्हणजे बुरशीसाठी अन्नछत्र उघडणं, हे तुम्हाला ठाऊक आहे. द्राक्षं घाटावरून येतात, हेही ठाऊक आहे. गप्प बसा. फेणीची भट्टी दाखवू का, असंही विचारू नका. काजू फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला म्हणून काय झालं? भट्टीवर एसी नसतो, आणि धुराने डोळ्यांत पाणी आलं की फोटो बिघडतात.

जागेच्या दारात मांडवावर एक वेल चढवलेला असतो. शोभेचा. वहिनी त्याच्याखाली उभ्या राहतील, तुम्ही फोटो काढा. काका मात्र चष्मा कपाळावर सरकवून एक पान उलटं करतील, खालचा पांढरा बुरा अंगठ्याने पुसतील आणि नाडी बघितल्यासारखे म्हणतील, "डावणी आहे. बोर्डो मारत नाहीत वाटतं."

एवढा एकच शब्द वेटरला कळतो आणि तो खुलतो. "सर, बोर्डो स्टाइल ब्लेंड है ना हमारे पास!"

मध्ये पडू नका. डावणीच्या बुरशीवर फवारायचं मोरचूद आणि चुन्याचं ते निळं पाणी फ्रान्सातल्या ज्या भागाच्या नावाने ओळखलं जातं, त्याच भागाच्या नावाने ही वाईन विकतात. पण तीस वर्षं द्राक्षबाग सांभाळलेल्या माणसाच्या लेखी बोर्डो पंपात भरायचं असतं. "हे पितात?" असं ते तुम्हाला हळूच विचारतील. ग्लासचा दर सांगा. विषय आपोआप बदलतो.

मग टेस्टिंग. पाच ग्लास, प्रत्येकात तीस मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे तीन डोस. आत्याचा गुरुवार असतो, पण ती विचारते, "फळाचाच रस ना?" आणि ग्लास उचलते. २०२२ साली महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा वाईन ही दारू आहे की नाही यावर केवढा गदारोळ झाला होता. आत्याने तो एका घोटात निकालात काढला.

बाटली मागवलीत की वेटर काकांच्या ग्लासात घोटभर ओतून थांबेल. वाईन नासलेली नाही ना, एवढंच बघायला तो घोट असतो. आवडली का, हा प्रश्नच नसतो. हे काकांना समजावायला जाल तोवर ते "एवढीच?" म्हणून मोकळे झालेले असतात. बाटलीला बूच नसतं, फिरकीचं झाकण असतं, तरी वेटर ते ताटलीत ठेवून समोर धरतो. वास घ्या आणि मान डोलवा. लाल वाईन रूम टेम्परेचरला द्यायची असते असं तो सांगेल. ती रूम युरोपातली. फोंड्यातल्या मे महिन्यातल्या खोलीत वाईनचा काढा होतो. पण बर्फ मागायचा नाही. तो काकू मागतील.

जेवणाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. साळावली धरणाएवढ्या ताटलीत चमचाभर सुक्या कोळंबीचं किस्मूर येतं, वर एक पाकळी. सोलकढी वाईनच्या ग्लासात येते, आणि सगळ्या दुपारीत तोच एक ग्लास सगळे तळापर्यंत पितात. विसवण आणि सुरमई हा एकच मासा आहे हे चुलतभावाला पटवण्यात वीस मिनिटं घालवा. त्याला ते घरी जाईपर्यंत पटणार नाही.

तुम्ही स्वतः लिंबू सोडा घ्या. गाडी तुम्हालाच चालवायची आहे, आणि कायद्याने शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमपर्यंतच मुभा आहे. शिवाय बिल वाचताना डोकं ताळ्यावर लागतं. ते आलं की चुलतभाऊ हात धुवायला जाईल. काका "मी देतो, मी देतो" म्हणत पँटीच्या खिशात हात घालतील. तो खिसा फार खोल असतो. हात वर येईपर्यंत तुमचं कार्ड मशीनमधून फिरून आलेलं असेल.

इतक्यात काका उरलेल्या बाटलीचं लेबल वाचतील. "तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक! अरे, आमच्या शेजारचा तालुका!" सहाशेच्या वर किलोमीटर गाडी हाणून शेजारच्या तालुक्याची वाईन भेटल्याचा जो आनंद त्यांच्या चेहऱ्यावर फुलतो, तो विझवू नका. उलट भेट म्हणून तशीच एक सीलबंद बाटली घेऊन द्या. लेबलाच्या कोपऱ्यात "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असं बारीक अक्षरात असतं, ते वाचून दाखवायची गरज नाही. दिंडोरीहून राजरोस घाट उतरलेली बाटली परवान्याशिवाय परत चढायला निघाली की गुन्हा होतो, पण पाहुण्यांशी कायदा बोलणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास फोन येईल. गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुली तपासणी नाक्यावरून. मागे पोरं रडत असतील, वहिनी कुणाला तरी "साहेब, साहेब" म्हणत असतील, आणि काका दबक्या आवाजात विचारतील, "अरे, त्या बाटलीचं बिल कुठेय?"

तुमच्या खिशात.