1 स्टार दिलात, पण तुमचा 11 चा आकडा कामाचा निघाला

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की घरातल्या अडीच गिगच्या (सेकंदाला अडीच गिगाबिट) केबलिंगचे पैसे घेतले, फाइल जाते सेकंदाला 11 एमबीने, नेटचा प्लॅन 300 एमबीपीएसचा असूनही, आणि दहा गिग मागितलं तर दिलं नाही, लुटतात जेल रोडवाले, म्हणजे आम्ही.

11 वाचलं आणि कपाळावर हात मारला, ती चूक आमचीच. लाइन 100 एमबीपीएसवर (सेकंदाला 100 मेगाबिट) अडकली की 11-12 एमबीच मिळतात, 8 बिटचा एक बाइट, म्हणून 100 भागिले 8, साडेबारा, त्यातलं थोडं वाटेत जातं. केबलमध्ये तारांच्या 4 जोड्या असतात, गिगाबिटला आणि अडीचला चारही लागतात, 100 ला मात्र दोनच पुरतात, म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार सॉकेटमध्ये नीट दाबली गेली नाही तरी नेट बंद पडत नाही, मुकाट्याने 100 वर येऊन बसतं. आमच्या पोराने यूट्यूब लावून बघितलं, चाललं, निघाला. मोठी फाइल कॉपी करून बघायची होती, ती बघितली नाही. माफ करा.

प्लॅनचा मात्र इथे काही संबंध नाही हो, पीसीवरून नासमध्ये (NAS, घरच्या नेटवर्कवर फाइली साठवायचा डिस्कचा डबा) फाइल घरातल्या घरातच जाते, बाहेरचं नेट बंद असलं तरी जाईल.

आणि दहा गिग मुद्दाम दिलं नाही. नासमध्ये दोन साध्या हार्डडिस्क मिररमध्ये आहेत, म्हणजे दोन्हीवर तेच लिहिलं जातं, त्या स्वतःच सेकंदाला 200 एमबीच्या आसपास लिहितात, अडीच गिगमधून 280 आरामात जातात, मग दहाचा स्विच (सगळ्या केबली जोडायचा डबा) लावून फक्त तुमचं बिल वाढलं असतं. लॅपटॉपला पोर्टच 1 गिगचं आहे, त्यावर 110 च्या वर येणार नाही, हे तेव्हाही बोललो होतो. हजारो छोटे फोटो एकदम टाकलेत तर त्याहूनही हळू जातील, त्याला केबल काय करणार. (आणि मिरर म्हणजे बॅकअप नाही बरं का, चुकून डिलीट केलंत तर दोन्हीकडून जातं, एक वेगळी डिस्क ठेवाच.)

रविवारी सकाळी मी स्वतः केबल टेस्टर घेऊन रामबागेत तुमच्याकडे येतो, एक पैसा घेणार नाही. 10 जीबीची फाइल तुमच्यासमोर टाकू, आत्ता पाव तास लागतोय, पीसीवरून मिनिटभरात गेली पाहिजे. नाही गेली तर स्विच परत घेऊन जाईन. फक्त वरच्या खोलीतलं कपाट तेवढं सरकवून ठेवा, सॉकेट त्याच्या मागे गेलंय.