जुनी गाडी दणकट होती म्हणजे नेमकं काय होतं?

"आताच्या ऑफ-रोड गाड्यांत दम नाही, जुन्या गाड्या जन्माला पुरायच्या." हे इतक्यांदा कानावर येतं की एकदा सविस्तर लिहायलाच हवं. माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्या गाडीचं लोखंड कच्चं नाही, बऱ्याच ठिकाणी ते जुन्यापेक्षा सरस आहे. कमी झाली आहे ती चालढकल पोटात घालायची ताकद. जुनी गाडी मालकाचा आळस वर्षानुवर्षं सोसायची. नवी सोसत नाही, आणि बिल एकदम हातात ठेवते.

आधी जुन्या गाड्यांबद्दलचा भाबडेपणा जरा बाजूला ठेवू. चाळीस वर्षांची गाडी आज दिमाखात उभी दिसते, तेव्हा ती तिच्या पिढीतली वाचलेली गाडी असते. बाकीच्या कधीच भंगारात गेल्या, आणि भंगारातल्या गाडीचे फोटो कुणी टाकत नाही. जुन्या लँड रोव्हरचे पत्रे ॲल्युमिनियमचे, म्हणून बाहेरून ठणठणीत वाटायचे. पण जिथे ते पोलादाला टेकतात तिथे ओल शिरली की पांढरी पूड व्हायची, आणि आतलं बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि मागचा क्रॉसमेंबर (चेसिसचा आडवा दांडा) गंजून चाळणी झालेला असायचा. चाक फिरवणारे सुरुवातीचे दहा स्प्लाइनचे (खाचांचे) हाफ शाफ्ट तर तुटायचेच, त्यांच्याबद्दल बोलायलाच नको. जीपचं ४.० लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन म्हणजे लोकांचं दैवत, पण २००० आणि २००१ च्या गाड्यांत आलेलं ०३३१ क्रमांकाचं हेड तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरांमध्ये तडकायचं आणि कूलंट ऑइलमध्ये उतरायचं. निसान पॅट्रोलच्या टीडी४२ या जुन्या डिझेल इंजिनाची पुण्याई नंतरच्या झेडडी३० इंजिनाने पिस्टन जाळून घालवली. लँड रोव्हरच्या टीडी५ इंजिनमध्ये इंजेक्टरच्या वायरिंगमधून ऑइल झिरपत झिरपत थेट ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) लाल प्लगपर्यंत पोहोचायचं. टोयोटाच्या टाकोमाच्या चेसिस अमेरिकेत इतक्या गंजल्या की कंपनीला त्या बदलून द्याव्या लागल्या. ही सगळी मॉडेलं आज "जुनी, दणकट" या खात्यात मोडतात.

मग लोकांना जो फरक जाणवतो तो खोटा का? नाही. तो आकड्यांत दिसतो. टोयोटाचं १एचझेड हे ४.२ लिटरचं बिनटर्बो डिझेल इंजिन साधारण ९६ किलोवॅट आणि २८५ न्यूटन-मीटर देतं. त्याच ७० मालिकेत आता येणारं २.८ लिटरचं १जीडी १५० किलोवॅट आणि ऑटोमॅटिकसोबत ५०० न्यूटन-मीटर देतं. लिटरमागे हिशेब करा: २३ किलोवॅट विरुद्ध ५४. म्हणजे तेवढ्याच जागेत दुपटीहून जास्त उष्णता, पिस्टनवर जास्त दाब, बेअरिंगवरच्या ऑइलच्या थरावर जास्त भार. धातू सुधारला, ऑइल सुधारलं, मशीनिंग सुधारलं, म्हणून हे जमतं. पण त्या सुधारणेचा सगळा फायदा ताकद, मायलेज आणि धुराचे नियम यांनी खाऊन टाकला, राखीव असं फार उरलं नाही. २०२४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टंड्रा आणि लेक्सस एलएक्सच्या सुमारे एक लाख गाड्या परत बोलावल्या. कारण काय, तर कारखान्यात मशीनिंग करताना राहिलेला धातूचा कचरा इंजिनात जाऊन मेन बेअरिंग खराब होण्याची शक्यता. कचरा जुन्या इंजिनालाही मानवत नाही, पण नव्या इंजिनात चुकीला जागाच कमी आहे.

डिझेल सिस्टिममध्ये हे सगळ्यात स्पष्ट कळतं. जुन्या मेकॅनिकल पंपाचं नोझल साधारण १५० बारला उघडायचं. आताच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या एकाच नळीत) २००० बारच्या आसपास दाब असतो, आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या असतात. डिझेलमध्ये पाणी आलं तर जुनी गाडी धूर काढायची, खोकायची, पण कशीबशी घरी आणायची. नव्या गाडीत हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं. पाणी आलं की पंप आतून घासतो, आणि तो धातूचा चुरा रेल, इंजेक्टर, रिटर्न लाइन करत टाकीपर्यंत फिरतो. मग एकटा पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, पाइप सगळं बदला, टाकी उतरवून धुवा.

हे टाळायला लागतात दहा मिनिटं. इंजिन बंद करून वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) तळाचा स्क्रू सैल करायचा, शे-दोनशे मिली डिझेल काचेच्या बरणीत घ्यायचं आणि थोडा वेळ तसंच ठेवायचं. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. स्क्रू बंद करून हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा आणि मगच स्टार्टर मारायचा. आडबाजूला कॅनमधून किंवा ड्रममधून डिझेल भरलं असेल तर हे प्रत्येक वेळी करायचं, डॅशबोर्डवर दिवा लागायची वाट बघायची नाही.

आता डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा एक्झॉस्टमधला फिल्टर. माझ्या मते नव्या डिझेल ऑफ-रोडरच्या आयुष्याचा खरा प्रश्न हा आहे, आणि विकणारा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. फिल्टरमध्ये अडकलेली काजळी जाळायला तिथे ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. फोर-लोमध्ये (चारही चाकांच्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) दगडांवरून तासन्‌तास रांगणाऱ्या गाडीचा एक्झॉस्ट तितका तापतच नाही. काजळी भरत जाते, ईसीयू रिजनरेशन सुरू करतो, म्हणजे जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर तापवायला बघतो, आणि नेमकी तेव्हाच आपण गाडी बंद करून चहा प्यायला बसतो. असं चार-पाच वेळा झालं की ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी खुणेच्या वर गेली, वास डिझेलचा येतोय, तर "वा, ऑइल कमी होत नाही" म्हणून खूश होऊ नका. ते ऑइल पातळ झालंय, लगेच बदला. टर्बो आणि बेअरिंग त्याच ऑइलवर फिरतात.

ट्रेलचा दिवस संपला की मोकळ्या रस्त्यावर २०-३० मिनिटं, २००० आरपीएमच्या वर, न थांबता गाडी चालवायची. काजळी जळते, राख मात्र जळत नाही. राख येते ऑइलमधल्या ॲडिटिव्हमधून, म्हणून मॅन्युअलमध्ये कमी राखेच्या ऑइलचा जो ग्रेड दिलाय तोच घालायचा. "जास्त जाड, जास्त भारी" ऑइल घालून लोक दीड लाख किलोमीटरच्या आत फिल्टर बुजवून बसतात. आणि एक इशारा: रिजनरेशन चालू असताना वाळलेल्या गवतात गाडी उभी करू नका. स्किड प्लेटच्या वर अडकलेलं गवत तर मुक्कामाला पोहोचल्यावर हाताने काढाच, आगी तिथूनच लागतात.

बेअरिंगचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जुन्या लँड क्रूझरच्या पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, दोन टेपर बेअरिंग. उघडा, धुवा, नवं ग्रीस दाबून भरा. आतला नट सुमारे ६० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, हब दोन्ही दिशांना फिरवून बेअरिंग बसवा, नट सैल करा, मग पुन्हा जेमतेम ५-६ न्यूटन-मीटरवर आणा. स्प्रिंग काटा स्टडला अडकवून हब फिरायला किती ओढ लागते ते बघा, लॉक वॉशर घाला, बाहेरचा नट आवळा, वॉशरची जीभ दुमडा. दुपार जाते, पण सुटे भाग म्हणाल तर सील आणि ग्रीस. नव्या गाडीत सीलबंद हब युनिट येतं. त्याला ना ग्रीस, ना ॲडजस्टमेंट, आणि चिखल-पाणी नसलेल्या रस्त्यावर ते जुन्यापेक्षा जास्त चालतं, हे मान्यच करायला हवं. पण वारंवार खोल पाण्यात घातलं आणि सीलने एकदा पाणी आत घेतलं, की ते उघडून धुता येत नाही. युनिट बदला, आणि बऱ्याचदा एबीएस सेन्सरची चुंबकीय रिंग त्यातच असते, म्हणजे तीही आलीच.

त्या रिंगवरून इलेक्ट्रॉनिक्सकडे. एका चाकाचा स्पीड सेन्सर गेला की एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, हिल डिसेंट सगळे एकदम संपावर जातात आणि डॅशबोर्डवर दिव्यांची रोषणाई होते. लोक घाबरतात, मोड्यूल (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा डबा) बदलायला निघतात. बहुतेक वेळा दोष असतो वायर, प्लग किंवा अर्थिंगमध्ये. आधी बॅटरी बघा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर निम्मे एरर कोड त्यातूनच येतात. मग चेसिसला जाणाऱ्या अर्थच्या पट्ट्या काढून, घासून पुन्हा लावा. तरीही गोंधळ राहिला तर बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावा. कॅन बस (सगळी मोड्यूलं जोडणारी दोन वायरींची लाइन) ठीक असेल तर ६० ओहमच्या आसपास आकडा येतो, कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आला तर एक बाजू कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ आला तर दोन वायर एकमेकींना चिकटल्यात. मध्ये गेटवे (लाइनचे वेगळे भाग करणारं मोड्यूल) असलेल्या गाड्यांत हे मोजमाप तिथपर्यंतच खरं, पण सुरुवातीला तेवढं पुरतं. स्कॅनर आणि मल्टिमीटर आता जॅकइतकेच गाडीत हवेत.

सस्पेन्शनवरून होणारी भांडणं मला फुकटची वाटतात. मर्सिडीज जी-क्लासने २०१८ मध्ये पुढचा सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकसंध आडवा एक्सल) सोडला, लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडरने तर वेगळी चेसिस आणि दोन्ही सॉलिड एक्सल सोडले, म्हणून त्या नाजूक झाल्या असं होत नाही. सांधे वाढले एवढंच: बॉल जॉइंट, बुश, सीव्ही बूट (चाकाच्या शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी कव्हर). फाटलेला बूट त्याच आठवड्यात बदलला तर काम ग्रीस आणि रबराचं, महिनाभर धूळ खाऊ दिली तर अख्खा जॉइंट. सॉलिड एक्सलवाल्यांनीही पॅनहार्ड रॉडचे बुश आणि किंगपिन बेअरिंग ढिले ठेवून बघावं, ऐंशीच्या वेगात स्टीअरिंग कसं थरथरतं ते कळेल.

नव्या गाडीला जे स्वतःहून कमजोर करतं ते म्हणजे मोठं रिम. २० इंची रिमवर टायरची भिंत इतकी बुटकी असते की वाळूत १५-१८ पीएसआयवर हवा उतरवली की पहिल्याच दगडावर रिम वाकतं. ब्रेक कॅलिपरला बसत असेल तर १७ किंवा १८ इंच घ्या. गाडी तीच, पण चाकं, बुश आणि शॉकअप सगळ्यांचं आयुष्य वाढतं.

आणि नव्या गाडीचं देणंही नाकारू नये. संपूर्ण बॉडी बुडवून केलेला प्रायमर आणि झिंक चढवलेला पत्रा यामुळे गंजाच्या बाबतीत सत्तरच्या दशकातल्या गाड्या तिच्या जवळपासही येत नाहीत. सिलिंडरची झीज कमी, ऑइलची गळती कमी, थंडीत स्टार्टिंगची कटकट कमी. पहिली दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटर धरली तर नवी गाडी कमी वेळा उभी राहते, यात मला शंका नाही.

माझी शंका पंधराव्या वर्षाबद्दल आहे. तेव्हा इंजिनचं लोखंड ठीक असेल, पण रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या ठिसूळ झालेल्या असतील, आणि गाडीच्या चेसिस नंबराला कोड केलेलं एखादं मोड्यूल बाजारात मिळत नसेल. जुन्या गाडीचं बुश किंवा शाफ्ट लेथवर करून घेता येतं, मोड्यूल करून घेता येत नाही. लांबच्या, निर्जन प्रवासाला आजही लोक साध्या मॉडेलकडे वळतात ते यासाठी, आणि तिथे माझंही मत त्यांच्याच बाजूने आहे.

गाडी पंधरा वर्षं ठेवायची असेल तर कंपनीचं वेळापत्रक निम्म्यावर आणा. १५,००० किलोमीटरला ऑइल सांगितलं असेल तर धूळ, चिखल आणि फोर-लोच्या वापरात ७,५०० ला बदला. "लाइफटाइम" ऑइलवर विश्वास ठेवू नका. ज्या आठ गिअरच्या झेडएफ ऑटोमॅटिकच्या ऑइलला गाडी बनवणाऱ्या कंपन्या लाइफटाइम म्हणतात, ते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदला असं गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते. पाण्यातून गेल्यावर डिफचं (एक्सलमधल्या डिफरेन्शियलचं) ऑइल बघा. गरम डिफ थंड पाण्यात बुडला की आत पोकळी होते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधी दिसलं तर त्याच दिवशी बदला आणि ब्रीदरचा (डिफमधून हवा ये-जा करायचा) पाइप बोनेटपर्यंत वर घ्या. रेडिएटर, इंटरकूलर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत बसलेला चिखल इंजिनच्या बाजूकडून, कमी दाबाच्या पाण्याने काढा.

सेकंड-हँड नवी गाडी घेताना पॉलिश आणि सीट कव्हर बघण्याआधी स्कॅनर लावा: डीपीएफमधली काजळी आणि राख, आयडलला प्रत्येक इंजेक्टरचं करेक्शन (ईसीयू त्याचं डिझेल किती कमी-जास्त करतोय ते), जुने कोड. मग डिपस्टिकचा वास घ्या, चाकं उचलून हबचा खेळ बघा, फोर-लो आणि डिफ लॉक मोकळ्या मातीवर प्रत्यक्ष लावून बघा. मालकाने वर्षानुवर्षं फोर-लो लावलाच नसेल तर ॲक्च्युएटर (फोर-लो लावणारी यंत्रणा) तिथेच अडकलेला सापडतो, आणि भाव पाडून मागायला तेवढं कारण पुरतं.