‘स्लॅम म्हणजे शेवटी पन्नास टक्के’? छे!

ब्रिज शिकणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: स्लॅमची, म्हणजे तेरापैकी बारा किंवा तेरा हात करण्याच्या कराराची, खरी लढाई बोलीतच संपते. पुढे डिक्लेररने (करार खेळणाऱ्याने) आधी प्रतिस्पर्ध्यांचे हुकूम काढावेत, मग फिनेस करावा, म्हणजे राणीसारखं पान अमक्याच बाजूला आहे असं धरून खालच्या पानाने हात घ्यायला बघावं. लागला तर बारा हात, नाही तर एक डाऊन (कराराला एक हात कमी), पन्नास टक्के नशीब. सांगणारा बहुधा अनुभवी असतो, म्हणून कोणी उलट विचारत नाही.

आधी ते पन्नास टक्के बघू. ६ इस्पिकचा करार, म्हणजे इस्पिक हुकूम आणि बारा हात करायचे. दोन्हीकडे इस्पिकची पाच-पाच पानं, वरची सगळी आपलीच. बदामाची दोन-दोन, डमीत (जोडीदाराच्या उघड्या पानांत) एक्का-राजा. चौकटची तीन-तीन, डमीत एक्का-राजा, पण राणी-गुलाम प्रतिस्पर्ध्यांकडे. म्हणजे तिसरा हात जाणार. किलवर डमीत एक्का, गुलाम आणि एक लहान, आपल्याकडे राजा, दश्शी आणि एक लहान. किलवरची राणी कोणाकडे? सल्ल्याप्रमाणे इथे अंदाज करायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

काही गरज नाही. हुकूम काढा, प्रतिस्पर्ध्यांकडे तीनच आहेत, तेव्हा आपल्या दोन्हीकडे निदान दोन-दोन उरतात. बदामाचे दोन्ही हात वाजवा, चौकटचे एक्का-राजा घ्या आणि तिसरी चौकट खुशाल देऊन टाका. ती ज्याने घेतली तो अडकला. त्याने किलवर उतरली तर राणी कुठेही असो, आपले तीन हात पक्के. बदाम किंवा चौकट खेळला तर एका बाजूला हुकूम मारायचा, दुसऱ्या बाजूची किलवर टाकून द्यायची. शंभर टक्के! किलवरला आपण स्वतःहून हात लावायचा नाही, एवढंच पथ्य.

‘नऊ पानं असली की राणी पाडायची, फिनेस नाही’ हे त्याच सल्ल्याचं शेपूट. म्हणजे एका रंगाची दोन्हीकडे मिळून नऊ पानं असली, तर एक्का-राजा वाजवून राणी आपोआप पडायची वाट बघायची. एक्का-राजा-गुलाम धरून नऊ पानं असतील तर पाडण्याची शक्यता सुमारे ५८ टक्के, एक्का वाजवून मग फिनेस केला तर सुमारे ५६. फरक दोन टक्क्यांचाही नाही. एका प्रतिस्पर्ध्याने दुसऱ्या रंगात एकदम ३ ची बोली लावून त्या रंगाची सात पानं दाखवली असतील, तर राणी त्याच्या जोडीदाराकडे असण्याची शक्यता बरीच वाढते आणि नियम उलटतो. बोली ऐकलीच नाही तर हे कळणार कसं?

‘आधी हुकूम’ वरच्या डावात बरोबर आहे. डमीत हुकूम मारूनच बारावा हात मिळणार असेल, तर तेच वागणं आत्मघातकी.

राहिला ‘स्क्वीझ (प्रतिस्पर्ध्याला कामाचं पान टाकायला लावणं), तो उस्तादांचा खेळ’ हा शेरा. ६ नो-ट्रम्पमध्ये (बिनहुकमी करारात) अकरा हात पक्के असतील, तर जो एक हात जाणारच आहे तो सुरुवातीलाच, धोका नसताना, देऊन टाका. मग लांब रंग शेवटपर्यंत वाजवा. दोन रंग एकटाच सांभाळणाऱ्याला कुठलं पान टाकावं ते सुचेनासं होतं. तुम्ही फक्त तेवढ्या दोन रंगांतली पडलेली पानं मोजत राहायची.