उन्हाला निर्दोष सोडू नका

"त्वचेचा कर्करोग उन्हाने नाही, चामखिळीच्या विषाणूने होतो. एचपीव्हीची लस घ्या, उन्हात खुशाल फिरा आणि चामखीळ दिसली की लगेच जाळून टाका." हा मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जातोय. त्यात खऱ्याचा एक कण आहे आणि मला काळजी वाटते ती त्या कणाचीच.

"गाठीत विषाणू सापडला, म्हणजे कारण सापडलं." एवढं सोपं नाही. एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस), म्हणजेच चामखिळीचा विषाणू, याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत आणि त्यातले बीटा गटातले प्रकार निरोगी माणसांच्या त्वचेवरही सर्रास असतात. मग ते गाठीत सापडले यात नवल काय? गर्भाशयमुखाच्या कर्करोगात विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिनं शेवटपर्यंत गाठीला पोसत राहतात. त्वचेच्या स्क्वॅमस सेल कार्सिनोमात, म्हणजे वरच्या थरातल्या चपट्या पेशींच्या कर्करोगात, मात्र बहुतेक वेळा विषाणूच्या डीएनएची दर पेशीमागे एक प्रतही भरत नाही.

"ऊन निर्दोष आहे." हे सगळ्यात घातक वाक्य. कपाळावर, टकलावर, हाताच्या पाठीवर एखादा खरखरीत ठिपका येतो. डोळ्यांना नीट दिसायच्या आधी तो बोटाला लागतो, सँडपेपरसारखा. ही ॲक्टिनिक केरॅटोसिस, उन्हाने झालेली आणि कधीकधी पुढे कर्करोगाकडे जाणारी. बीटा विषाणू पूर्ण वाढलेल्या गाठीपेक्षा या सुरुवातीच्या ठिपक्यांत जास्त आढळतात, आणि तो खऱ्याचा कण इथेच आहे. अतिनील किरणांनी डीएनए बिघडला की पेशीने तो दुरुस्त करावा, नाहीतर मरून जावं. बीटा विषाणूंचं ई६ दुरुस्तीत खोडा घालतं आणि पेशीला मरूही देत नाही. बिघडलेली पेशी जगते, ऊन तिच्यात आणखी बिघाड करत राहतं, आणि गाठ स्वतःच्या पायावर उभी राहिली की तिला विषाणूची गरज उरत नाही. 2018 साली उंदरांवर हेच दिसलं: बीटा गटातल्या एचपीव्ही 38 ची जनुकं घातलेल्या उंदरांना अतिनील किरण देऊन गाठी आल्यावर ती जनुकं काढून टाकली, तरी गाठी वाढतच राहिल्या. म्हणजे विषाणू साथीदार असू शकतो. पण डीएनए मोडणारं ऊनच. एपिडर्मोडिस्प्लेझिया व्हेरुसिफॉर्मिस या दुर्मीळ आनुवंशिक आजारात एचपीव्ही 5 आणि 8 हे बीटा प्रकार अंगभर पसरतात, तरी कर्करोग मुख्यतः उन्हात उघड्या राहणाऱ्या जागीच होतो. याहून बोलका पुरावा कुठला हवा?

"लस घेतली की त्वचा सुरक्षित." नऊ प्रकारांवरच्या लसीत एचपीव्ही 5 आणि 8 नाहीत. लस जरूर घ्या, पण ती गर्भाशयमुख आणि इतर ज्या कर्करोगांसाठी आहे, त्यांच्यासाठी.

"चामखीळ म्हणजे कर्करोगाची सुरुवात." हातापायांवरच्या नेहमीच्या चामखिळी एचपीव्ही 2, 4, 27, 57 अशा वेगळ्याच प्रकारांच्या असतात आणि बहुतेक आपोआप जातात. जपायचं ते अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी. त्यांच्यात हा कर्करोग कित्येक पटींनी जास्त होतो, म्हणून टोपी, सनस्क्रीन आणि नियमित त्वचातपासणी त्यांना सुटत नाही. आणि उतारवयात उघड्या त्वचेवर नवी "चामखीळ" उगवली, भराभर वाढली, खपली पडून रक्त येऊ लागलं, तर घरच्या घरी काहीही लावून ती जाळू नका. त्वचारोगतज्ज्ञ तिचा तुकडा बायोप्सीला पाठवू शकतात. जाळलेल्या गाठीतून तपासायला फारसं काही उरत नाही.