तीनातलं एक टाका

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी पत्ते न खेळणारा बाप्या खान्देशात सापडला तर समजावं, एकतर तो पाहुणा आहे, नाहीतर मागच्या आखाजीला भलतंच काहीतरी घालवून बसलाय. वर्षभर ज्यांना पत्त्यांचं नाव काढलेलं चालत नाही, ती माणसंही त्या दिवशी निंबाखाली सतरंजी टाकून बसतात. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा आणि आखाजी त्याच्या कितीतरी आधीची, हा आमच्या नानांचा कायदेशीर मुद्दा. तो ठाण्यात टिकायचा नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून आमच्या घरचा डाव चिंचोक्यांवर चालतो.

आमच्यात बायकाही खेळतात. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, सकाळी पितरांची घागर भरली जाते, तिच्यावर डांगर, सांजोऱ्या, आंबे ठेवले जातात, दुपारी खापरावरचे मांडे आणि रस. मग पोरी झोक्यावर जातात. आमच्यासारख्या, म्हणजे झोक्यावर बसलं की चक्कर येते त्या वयाच्या, सतरंजीच्या कडेला सरकतात. बाहेर ऊन असं की अमळनेरचा रस्तासुद्धा पातळ झालेला, पोटात मांडे, डोळ्यांवर झापड. अशा अवस्थेत माणसाला फार विचार करायला लावू नये. तीन पत्तीचा हाच मोठेपणा. तीन पानं आली, ती तुमची. चांगली आली तर नशीब, वाईट आली तर वाटणाऱ्याचा हात वाईट. मध्ये निवडायचा प्रश्नच नाही.

हे सुख माझ्या भाच्याला बघवलं नाही. तो पुण्यात नोकरीला लागला आणि पहिल्याच आखाजीला पोकर घेऊन आला. आधी साधं टेक्सास होल्डेम. हातात दोन पानं, मधे सगळ्यांसाठी उघडी पाच, सातांतून आपापली चांगली पाच धरायची. नानांनी दोन पानं उचलली, खाली वाकून सतरंजी चाचपली आणि विचारलं, "हाऊ काय खेय शे रे भो? तिसरं पान कुठे पडलं?"

भाच्याने समजावलं, खेळ मोठा आहे, टेक्सासातल्या रॉब्सटाउन नावाच्या गावी जन्मला असं तिथल्या विधिमंडळानेच मान्य केलंय. तो भाग कापूस पिकवणारा, एवढं कळल्यावर आप्पांचा विरोध मावळला. "कापूसवाले म्हणजे आपलेच. भाव पडला असंल, बसले असतील खेळत." पण नाना हटले नाहीत. दोन पानांवर चाल करायची म्हणजे एका चपलेवर बाजारात जायचं, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा भाच्याने पोतडीतून दुसरा प्रकार काढला. त्याला पाइनॅपल म्हणतात. प्रत्येकाला तीन पानं. नाना खूश. पहिल्या बोल्या होतात आणि मधली पानं उघडायच्या आत तीनातलं एक पान पालथं टाकून द्यायचं. ते मेलं. उरलेल्या दोघांवर पुढचा संसार. आमच्या घरात या खेळाला 'टाकणी' म्हणतात, आणि टाकणी आल्यापासून आमची आखाजी दुपारी चारला संपायची ती आता दिवेलागणीपर्यंत चालते. कारण कुणाच्याही हातून पान सुटत नाही.

आमचे आप्पा म्हणजे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, ठेवायचा की बदलायचा हे आखाजीच्या सकाळी चहा थंड व्हायच्या आत ठरवणारा माणूस. बोलणी, रक्कम, वर्षभराचं धान्य, सगळं ओट्यावर उभ्याउभ्या. त्याच माणसाच्या हातात दुपारी राजा, राणी आणि गुलाम आले आणि ते तीन पानांकडे असे बघत बसले की आमच्या मायने आतून येऊन विचारलं, "काय झालं, बीपीची गोळी घेतली ना?" आप्पा एकदा राजा पुढे सरकवायचे, परत ओढायचे. मग गुलाम. मग चष्मा काढून पुसायचे. शेवटी गुलाम टाकला आणि लगेच त्याच्यावर हात ठेवला, जणू तो उठून जाणार होता.

टाकलं तेच बरोबर होतं, पण आमच्याकडे बरोबर टाकण्याला किंमत नाही. टाकलेलं पान नंतर मधे येतं का, यावर माणसाची अक्कल ठरते. आणि ते येतंच. तुमच्या हातातली तिन्ही पानं वेगवेगळ्या आकड्यांची असली, तर टाकलेल्या पानाचा एखादा भाऊ मधल्या पाचांत येऊन बसण्याची शक्यता शंभरात अठ्ठावीस. म्हणजे चार डावांत एकदा तरी ऊर बडवायची सोय. सतरंजीवर आठ जण असले की हा हिशेब कुठे जातो बघा. बहुतेक प्रत्येक डावात कुणी ना कुणी मांडीवर थाप मारून ओरडतं, "सत्ती टाकली होती मी! आत्ताच टाकली!" दुसरा म्हणतो, मी पण सत्तीच टाकली. मग दोघं मेलेली पानं उलटून दाखवतात, वाटणारा चिडतो, डाव मोडतो, चहा येतो. जिंकलेल्या हाताचं कौतुक राहतं बाजूला, टाकलेल्या पानाचं सुतक मात्र रीतसर पाळलं जातं. थोरल्या आतेभावाला दोन वर्षांपूर्वी टाकलेली चौकट दश्शी अजून आठवते. लग्नाची तारीख विचारा, बायकोकडे बघतो.

दुसरी भानगड क्रमाची. तीन पत्तीत सिक्वेन्स, म्हणजे ओळीची पानं, कलरच्या, म्हणजे एका रंगाच्या पानांच्या, वर. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. जन्मभर एकाच बाजूने गाडी चालवलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे आपलीच चामडी पणाला लावायची. पहिल्या वर्षी नानांनी सिक्वेन्स दाखवून चिंचोके ओढले, भाच्याने कलर दाखवून ते परत ओढले, आणि मधल्या मधे माझ्या रसाची वाटी सांडली. नानांचं म्हणणं, पुण्याला जाऊन पोरगं उलटं शिकलं. पोराचं म्हणणं, गणित आहे. गणित खरंच आहे, आणि मला त्यातलं हेच फार आवडलं: तीन पानांच्या एकूण 22,100 हातांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून वर. पाच पानांचे हात 25,98,960. त्यांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर फक्त 5,108. म्हणजे पानं तीनाची पाच झाली की मान बदलतो. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग प्युअर सिक्वेन्स?" तीन पत्तीत प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगातली ओळ, 48 आणि ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, 52, म्हणजे प्युअर जास्त दुर्मीळ असूनही ट्रेलच्या खाली! भाचा गप्प झाला. त्या दिवसापासून गणिताचं नाव निघालं की नाना नुसतं "अठ्ठेचाळीस" म्हणतात आणि विषय संपतो.

खरा कहर झाला तो ट्रेलमुळेच. मागच्या आखाजीला नानांना तीन एक्के आले. तीन एक्के साडेपाच हजार वाटपांत एकदा येतात. नाना जन्मभर याच पानांची वाट बघत होते. तीन पत्तीत आले असते तर त्यांनी चिंचोके सोडा, केळीचा मळाही लावला असता. त्यांचा चेहरा असा उजळला की पत्ते उघडे टाकायची गरजच राहिली नाही. सगळ्यांनी पॅक करायला, म्हणजे डाव सोडायला, हात उचलले. तेवढ्यात भाचा म्हणाला, "नाना, एक टाका."

"काय टाकू?"

"एक्का."

"एक्का फेकू? मन्हा हात तुटी जाई!"

टाकणीत हातात ट्रेल येणं म्हणजे निम्मं नुकसानच. नुसती एक्क्यांची जोडी आली असती तर जगात अजून दोन एक्के उरले असते आणि मधल्या पाचांत एखादा मिळून तिकडी व्हायची शक्यता शंभरात वीस होती. इथे एक स्वतःच्या हाताने मारायचा, उरतो एकच, शक्यता उतरते दहावर. एक्क्यांची जोडी उरते हे खरं, आणि तिच्याहून भारी सुरुवात नाही हेही खरं. पण जोडीवर समाधान मानायला नाना काही जोडी घेऊन आले नव्हते.

आता तीन एक्क्यांतला कोणता टाकायचा? भाचा म्हणाला, काही फरक नाही. हे तो बोलायला नको होता. फरक नाही म्हटल्यावर माणूस जास्तच अडकतो. नानांनी इस्पिक उचलला, तो दिवंगत काकूंचा आवडता म्हणून ठेवला. बदाम लाल, सणासुदीला लाल टाकू नये. उरला किलवर. दोन बोटांत धरून, डोळे मिटून टाकला.

भीतीने सगळ्यांनी आधीच पॅक केलं होतं. राहिली एकटी वहिनी. मधे आली किलवर दुर्री, किलवर सत्ती, बदाम पंजी. मग किलवर अठ्ठी. मग किलवर राजा. चार किलवर! वहिनीने पदराला हात पुसत किलवरची राणी आणि गुलाम उघडे केले. कलर. नानांची एक्क्यांची जोडी ती जोडीच राहिली. टाकलेला किलवर एक्का हातात असता तर त्यांचा कलर वहिनीच्या वरचा होता. एवढा हिशेब नानांनी कुणाच्या मदतीशिवाय केला. "मन्हा व्हता ना भो तो एक्का!" हे वाक्य त्या संध्याकाळी आम्ही किती वेळा ऐकलं याला गणती नाही. शेजारच्या गल्लीतून एक जण कोण वारलं म्हणून विचारायला आला.

वहिनीबद्दल सांगायलाच हवं, कारण या घरात टाकणी खेळता येणारी ती एकटी. पोराला आकडे पाठ, जिंकते आई. तिची पद्धत अशी: तीन पानं उचलते, एक नजर टाकते, बहुतेक वेळा तिन्ही पालथी घालते आणि "दूध उतू जाईल" म्हणून आत निघून जाते. बाप्यांना वाटतं बाई घाबरली. ती दूध बघते, कुरडया तळते, परत येते, पुन्हा तीन पानं, पुन्हा पालथी. ज्या डावाला ती बूड टेकून बसली त्या डावात शहाण्याने उठावं. हे मला ध्यानात आलंय, नानांना अजून नाही, आणि मी त्यांना सांगणारही नाही.

तिच्याकडे बघून बघून मी काही ठोकताळे बांधलेत. जोडी आली की तिसरं पान बिनदिक्कत टाकायचं, मग सत्त्यांच्या जोडीबरोबर एक्का असला तरी. माझ्या हाताला इथेच कंप सुटतो. एक्का टाकायला कुणी शिकवलंच नाही आपल्याला. पण जोडी मिळाली म्हणून हुरळायचंही नाही. दोन पानांत जोडी सतरांत एकदा येते, तीन पानांत सहांत एकदा, आणि आठ जण बसले की कुणाच्या तरी हातात जोडी असणारच असं धरून चालायचं. बारकी जोडी असेल तर स्वस्तात मधली पहिली तीन पानं बघायची, जुळलं तर ठीक, नाहीतर वहिनीबरोबर कुरडया तळायला जायचं. तिन्ही पानं एकाच रंगाची आली तर दिसायला मोहक, पण आपल्याच रंगाचं एक आपण मारतो हे विसरायचं नाही. दश्शी, नव्वी, अठ्ठी ओळीने आली तर खालचं टाकायचं, वरची जोडगोळी ठेवायची. मात्र त्यात दोन एका रंगाची असली की माझा निर्णय लांबतो आणि आप्पा जांभई देतात.

आणि राजा, अठ्ठी, तिर्री तीन रंगांत आली तर? आमच्या सतरंजीवर यातलं कोणतं टाकायचं यावर पाऊण तास चर्चा होते. नाना म्हणतात तिर्री. आतेभाऊ म्हणतो अठ्ठी, कारण त्याला अठ्ठी लाभत नाही. कुणी कुणाच्या पानांत डोकावायचं नाही हा नियम तोवर पार मोडलेला असतो. वहिनी आतून ओरडते, "तिन्ही टाका आणि जेवायला या." पोकरच्या पुस्तकांत एवढंच असावं, फक्त जास्त पानांत.

चिंचोक्यांची एक वेगळी अडचण. माझ्या धाकट्याला कळलं की परसात चिंच आहे. तो खिसे भरून आणतो आणि हरणाऱ्याला एक गारीगारच्या बोलीवर उसने देतो. त्यामुळे मागच्या वर्षी बाजारात इतके चिंचोके आले की आप्पांनी एकदम ओंजळभर चाल केली आणि कुणाला काही वाटलंच नाही. पोकरमध्ये दम देता यायला हवा तर चिंचोक्याला किंमत हवी. या वर्षी मोजून, हळद लावून चिंचोके वाटणार आहोत. पिवळा नाही तो खोटा.

नानांनी नियमात दुरुस्ती सुचवली आहे. फोनवर, तीही गुढीपाडव्यालाच, म्हणजे विषय किती लागलाय बघा. तीन सारखी पानं आली तर टाकायचं नाही, डाव तिथेच जिंकला असं धरायचं. भाचा म्हणतो, मग ते पोकर राहत नाही. आप्पा नानांच्या बाजूने आहेत, आतेभाऊ चौकट दश्शीची भरपाई मिळणार असेल तर कुठल्याही बाजूने आहे. वहिनी म्हणाली, "माझी काही हरकत नाही. ट्रेलवाल्याने जिंकावं, आणि त्या दिवशीची परात, पातेली, सगळी त्यानेच घासावी."

नानांचा परवा पुन्हा फोन आला. तीन एक्के आले तर यंदा बदाम टाकावा का, विचारत होते.